नुसता नंबर लिहिणाऱ्या ग्रंथपाल सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त झाल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही लसीकरणाच्या सत्रात. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली एक आई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आपल्याच शाळेच्या ना? ते लायब्ररीचे सर गेले की मे महिन्यात." हातातली सिरिंज तशीच धरून मी तिच्याकडे बघत राहिले. "गेले म्हंजे रिटायर झाले वो," ती हसायला लागली, "चांगले ठणठणीत हायेत." तेवढ्यात बाळानं माझा ॲप्रन ओला केला.

त्याच रात्री तुम्हाला फोन लावला. जुना नंबर बंद आहे. आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. फोनवर मी आभार मानायला लागले असते की तुम्ही लगेच "उपकेंद्रात पाणी येतं का आता?" असं काहीतरी विचारून विषय बदलला असतात. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत कोणी ना कोणी पोचवेलच.

जिन्याखालची ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. चार लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाचं दार कायम दोरीनं बांधलेलं. शाळेचा पट हजाराच्या आत, म्हणून तुमचं पद अर्धवेळ. अर्ध्या वेळात तुम्ही पुस्तकं देणार, घेणार, फाटलेली डिंकानं चिकटवणार आणि वर पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेबही लिहिणार. वाचनाची तासिका वेळापत्रकात होती, पण ती बहुतेक वेळा गणिताच्या सरांनी खाल्लेली असायची. तरीही मधल्या सुट्टीत त्या खोलीसमोर पोरींची रांग लागायची, ती कशामुळे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढं दोन वर्षं नर्सिंग केलं आणि आता पाच हजार लोकांच्या उपकेंद्रात रोज बायकांशी बोलते, तेव्हा कुठं कळलं.

त्या रांगेचं कारण तुमच्या देवघेव रजिस्टरात होतं.

रजिस्टरात तारीख, नाव, इयत्ता, दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, सही असे रकाने होते. रजिस्टर टेबलावर उघडंच असायचं आणि कोणीही चाळायचं. पोरं तर चाळायचीच. दुसऱ्या कपाटातलं पुस्तक दिलं की तुम्ही पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात काही लिहायचा नाहीत. नुसता नंबर. १२४७. १३०२. बाकी ओळींत ऐतिहासिक कादंबऱ्यांची नावं ठसठशीत अक्षरात, आणि मधे मधे या मुक्या ओळी.

मी आठवीत होते. पाळी येऊन तीन महिने झाले होते. घरात आजी. आई-बाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर, कर्नाटकाच्या बाजूला. आजीनं मला एवढंच सांगितलं होतं की कावळा शिवलाय, लोणच्याला हात लावू नको, आणि जुन्या लुगड्याचा तुकडा दिला होता. मला वाटायचं पोटात काहीतरी फुटलंय. तुमच्या टेबलासमोर उभी राहून मी दहा मिनिटं भिंतीवरचा नकाशा बघत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. उठलात, दुसरं कपाट उघडलंत, खाकी कव्हरचं एक पातळ पुस्तक काढलंत आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत म्हणालात, "हे मुली नेतात. आठ दिवसांत आणून दे." तुमचे कान लाल झाले होते सर. आज सांगते, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. तरीही तुम्ही ते पुस्तक दिलंत, आणि ती लाज माझ्या अंगावर उतरू दिली नाहीत.

खाकी कव्हरांचा हिशेब तर मला नोकरी लागल्यावर कळला. त्या कपाटातल्या झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर होतं. योगासनांच्या, घरगुती औषधांच्या, एवढंच काय, पाककृतींच्या पुस्तकालासुद्धा. एकाच पुस्तकाला कव्हर घातलं असतं तर ते लपवल्यासारखं दिसलं असतं. म्हणून तुम्ही अख्खं कपाट खाकी करून टाकलंत. ओळखू यायला पाठीवर फक्त पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर दशांश वर्गीकरणाचा आकडा: ६१३. आरोग्याचा तो क्रमांक. आम्हा पोरींमध्ये तो सांकेतिक शब्दच झाला होता. "सहाशे तेरा आलंय का गं परत?" पोरांना वाटायचं आम्ही एसटीबद्दल बोलतोय.

सामाजिक विषयांची पुस्तकं मात्र तुम्ही उघडी ठेवलीत, पहिल्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर. तिथं मला 'उपरा' मिळालं. लक्ष्मण माने यांचं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारी कैकाड्यांची माणसं, आणि पोराला शाळेत घालायचंच म्हणून हट्ट धरून बसलेला बाप. मी ते वाचत असताना दसरा झाला होता, आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर येऊन थांबले होते, आणि माझे आई-बाप भांडी, कोंबड्या, शेळी सगळं घेऊन ट्रॉलीत चढत होते. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत त्या दोघांना मिळून एक शब्द होता: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला की अर्धा कोयता. तोवर मला वाटायचं हे सगळं असंच असतं, पाऊस पडतो तसं. 'उपरा' वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की आपल्यासारख्यांचं जगणंही पुस्तकात लिहितात, आणि त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळतो. पुस्तक परत करताना मी तुम्हाला म्हटलं, "सर, गाढवाच्या जागी ट्रॅक्टर घातला की आमचंच आहे." तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. फक्त मुदतीचा शिक्का मारलात. पुढच्या आठवड्यात माझ्या नावानं 'उचल्या' बाजूला काढून ठेवलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्या आईची गर्भपिशवी २०११ मध्ये काढली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि मी सहावी संपवून सातवीत जाणार होते. कारखान्यावरून परत आल्यावर तिच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. पोटावर हात ठेवून, सोनोग्राफीचा कागद पुढं सरकवून डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतले पंचवीस हजार तिथं गेले. आई ऑपरेशनहून आली आणि म्हणाली, "बरं झालं. आता दर महिन्याला खाडा व्हायचा नाही." खाडा म्हणजे काम बुडलेला दिवस, आणि बुडलेल्या दिवसाचे पैसे मुकादम कापून घेतो. राहायच्या कोपीशेजारी, म्हणजे झोपडीशेजारी, ना आडोसा ना पाणी, पहाटे तीनला उठून फडात जायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्यात पाळी म्हणजे संकटच. वस्तीवरच्या कितीतरी बायकांनी तेच केलं होतं. आमच्याकडं बायका एकमेकींना विचारायच्या, "तुझी काढली का अजून?" दात काढल्यासारखं.

नववीत तुम्ही मला ती कात्रणवही दिलीत. वही कसली, सोसायटीच्या जुन्या रोजकीर्दीचं जाडजूड बाड. त्याच्यावर तुम्ही वर्तमानपत्रांतली आरोग्याची कात्रणं खळीनं डकवलेली. विकत घ्यायला अनुदान नव्हतं तेव्हा तुम्ही स्वतःच पुस्तक बनवलंत. त्यात एका पानावर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाबद्दलचा लेख होता. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. १०० पैकी ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या १०० पैकी फक्त ८. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. म्हणजे मी जन्मायच्या दहा वर्षं आधी.

तुम्ही समासात पेन्सिलीनं एक वाक्य लिहिलं होतं: "यातले बरेच आजार गोळ्यांनी बरे होतात."

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. मला तुमचा राग आला होता सर. खरंच. ही वही दोन वर्षं आधी का नाही दिली, असं वाटलं. मग लक्षात आलं की दोन वर्षं आधी मी तुमच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. आई तेव्हा चौतिशीत होती, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतंय म्हणायची, हाडं दुखायची, रात्री उठून बसायची. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की असंच होतं, हे मला पुढं नर्सिंगच्या वर्गात कळलं. तिच्या कागदावर काय काय काढलं ते नीट लिहिलेलंही नाही.

आईच्या बाबतीत वहीचा उपयोग झाला नाही. मावशीच्या बाबतीत झाला. मी बारावीत असताना तिलाही तेच सांगितलं गेलं, तसंच दुखणं, तसाच कॅन्सरचा धाक. ती पैसे गोळा करायला लागली होती. मी तिला वहीतलं सगळं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं तिची आतून तपासणी झाली, आयुष्यात पहिल्यांदा. जंतुसंसर्ग होता. गोळ्या दिल्या, आणि नवऱ्यालाही घ्यायला सांगितल्या. काका घ्यायला तयार नव्हते, "मला काय झालंय?" म्हणून अडून बसले. मावशीनं भाकरीबरोबर पुढ्यात ठेवून खायला लावल्या. तिची पिशवी अजून तिच्यापाशी आहे.

पुढं २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्याचं नाव सगळीकडं गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं ठरलं. सगळेजण आकडे ऐकून हादरले. मी नाही हादरले. माझ्या डोळ्यांसमोर ती रोजकीर्द होती, आणि पेन्सिलीचं ते वाक्य.

त्या वहीत आणखी एक पान होतं, रक्तवाढीच्या गोळ्यांचं. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी द्यायला लागले तेव्हा पोरींनी उठवलं होतं की ही मुलं न व्हायची गोळी आहे. निम्म्या पोरी खिडकीतून फेकायच्या. तुम्ही फळ्यावर चार ओळी लिहिल्यात: जेवून घ्या, चहाबरोबर घेऊ नका, शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोहामुळं होतं. 'शी' हा शब्द शाळेच्या फळ्यावर बघून पोरी दोन दिवस हसत होत्या, पण गोळ्या गिळायला लागल्या. आज मी त्याच चार ओळी सांगते, याच क्रमानं.

माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण तुम्हाला आठवत असेल, जिचे वडील रात्री पिऊन गावभर ओरडायचे. तिला तुम्ही अनिल अवचटांचं 'गर्द' दिलं होतंत. मला तेव्हा वाटलं, मुंबईच्या ब्राउन शुगरच्या नशेचा आणि आमच्या गावच्या हातभट्टीचा काय संबंध? पण तिनं ते दोनदा नेलं. तिनं मला एवढंच सांगितलं, "व्यसन हा आजार असतो म्हणे. त्याच्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण नावाचं केंद्र आहे." वडिलांना ती तिथं कधी नेऊ शकली नाही. पण बाप वाईट आहे म्हणून मान खाली घालून चालायची, ती बाप आजारी आहे म्हणायला लागली. तेवढा फरक मी बघितला आहे.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर त्यांचं 'भ्रम आणि निरास' उभं करून ठेवलेलं होतं, शेजारी काही नाही. फूल नाही, फोटो नाही. तुम्ही त्यावर भाषणही केलं नाहीत. त्या एका महिन्यात त्या पुस्तकाच्या किती नोंदी झाल्या ते रजिस्टरात बघा, कोणी रद्दीत घातलं नसेल तर.

तक्रार झाली होती ती मला शिपाई मावशींनी सांगितली. कुणाच्या तरी घरी खाकी पुस्तक सापडलं, आणि ते वडील थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. लायब्ररीवाले पोरींना घाण वाचायला देतात म्हणून. तुम्हाला बोलावलं. कोणकोणत्या मुलींनी नेलं ते सांगा म्हणाले. रजिस्टर पुढ्यात ठेवून तुम्ही म्हणालात म्हणे, "यात नंबर आहेत. नंबराचं पुस्तक दाखवतो. मुलीचं नाव मी सांगणार नाही." दाखल नोंदवही उघडून पुस्तक काढलंत, त्या वडिलांना खुर्ची दिलीत आणि म्हणालात, वाचून बघा, मी थांबतो. त्यांनी पाचेक पानं चाळली, असं मावशी सांगतात. पुढं काय झालं ते त्यांना ऐकू आलं नाही, कारण चहा आणायला पाठवलं.

त्यानंतर एकदा दुपारी तुम्ही मला रघुनाथ धोंडो कर्व्यांची गोष्ट सांगितलीत. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलेला माणूस, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ एकट्यानं 'समाजस्वास्थ्य' चालवलेला. अश्लील छापतो म्हणून त्यांच्यावर खटले झाले, त्यातला एक बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला, आणि तरीही शिक्षा झाली. मी विचारलं, "एवढे मोठे वकील असून?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "हो ना." बास. तेव्हा मला ती गोष्ट आणि तुमच्यावर झालेली तक्रार यांची सांगड घालता आली नव्हती.

आभाराच्या पत्रात तक्रार करू नये, पण एक करते. खाकी कपाटातलं पुस्तक तुम्ही कधी एका पोराला दिलं नाहीत. ते पोरींचंच कपाट राहिलं. त्याच वर्गातले पोरगे आज बाप झाले आहेत. बायकोला पाळीत मोळी उचलायला लावणारे, गोळी घ्यायला नाही म्हणणारे. त्यांच्याही कानावर ६१३ पडायला हवं होतं. कदाचित पंख्याकडे बघत त्यांना देणं तुम्हाला आणखी अवघड गेलं असतं. आणि ती 'आदर्श कन्या' छापाची चार-पाच पुस्तकं तुम्ही का ठेवली होतीत, हेही मला कधी समजलं नाही. अनुदानातून आलेली असणार.

खोली आता बंद आहे. मी मागच्या महिन्यात आरोग्य तपासणीसाठी शाळेत गेले होते. दारातून आत बघितलं तर कपाटांना टेकून तांदळाची पोती लावलेली. नवीन माणूस भरलेला नाही. किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला नक्की माहीत नाही. दोरीनं बांधलेलं दार तसंच आहे, दोरी मात्र बदललेली वाटली.

आता कामाचं सांगते. दर महिन्याला माझ्याकडं किशोरींची बैठक असते. त्यात नववीतली एक मुलगी येते. सगळ्यांच्या मागं बसते. मी बोलते तेव्हा ऐकते, पण विचारत काही नाही. बैठक संपली की वजनकाट्याजवळ रेंगाळते आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता बघत उभी राहते. तिच्या बहिणीचं लग्न मागच्या उन्हाळ्यात सोळाव्या वर्षी झालं, एवढंच मला आशाताईकडून कळलं आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मी तिच्या वहीवर लिहून दिला, तुम्ही पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्यांवर लिहायचात तसाच. पण मला तिला एखादं पुस्तक द्यायचं आहे. मी खूप विचार केला, दोन निवडली आणि परत ठेवली. मला ते जमत नाही सर. समोरचीला न विचारता तिला काय हवंय ते तुम्हाला कसं कळायचं?

तेव्हा एक चिठ्ठी पाठवा. आशाताई तुमच्या गावाकडच्याच आहेत, त्यांच्या हाती दिली तरी मिळेल. फक्त या वेळी नुसता नंबर लिहू नका, पुस्तकाचं नावच लिहा. कपाट पोत्यांमागं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
नववी ब, २०१३-१४